दगडी भिंतीतली झील

ही गोष्ट मी रचलेली नाही. मला रचता येत नाही. मी आयुष्यभर ऐकत आलेली बाई आहे.

एकदाच रचावं लागलं. ते पुढे येईलच.

देवापुढे दिवा लावून लिहायला बसले आहे. तुम्ही विश्वास ठेवा, ठेवू नका, माझ्या हातून खोटं लिहिलं जाणार नाही.

तारीख पक्की लक्षात आहे. गुरुवार, १४ जानेवारी २०२१. संक्रांत. चारला दहा-बारा मिनिटं कमी असतील. जागा आयर्लंडमधली, मलिंगारपासून थोडी आत. गावाचं नाव लिहीत नाही. माझी लेक अजून तिथेच राहते.

मी प्रभा. सांगलीची. आमचे हे, पुरुषोत्तमबुवा, चाळीस वर्षं नारदीय कीर्तन करतात. पेटी धरायला आणि मागून झील धरायला त्यांचा धाकटा भाऊ नरेंद्र. झील म्हणजे बुवांनी ओळ टाकली की मागच्याने ती उचलून धरायची, बुवांना श्वास घेऊ द्यायचा. नरेंद्रभाऊजी अर्धी मात्रा उशिरा यायचे. चाळीस वर्षं ह्यांनी त्यावरून त्यांना टोचलं, आणि चाळीस वर्षं त्यांच्याशिवाय उभे राहिले नाहीत.

माझं काम एकच. पुढच्या रांगेत बसायचं, आणि आरती झाली की उठून सगळ्यांना सांगायचं, "उरलेलं आख्यान उद्या, याच वेळी. सर्वांनी यावं."

मी कुठलंही कीर्तन अर्ध्यावर सोडून कधी उठले नाही. सुमेधाच्या वेळी कळा सुरू झाल्या तरी आरती घेऊनच रिक्षात बसले. घरात अजून चेष्टा होते.

सुमेधा, आमची लेक, तिथल्या हॉस्पिटलात डॉक्टर. तिनं नवं घर घेतलं म्हणून फेब्रुवारी २०२० मध्ये आम्ही वास्तुशांतीला गेलो. तीन महिन्यांसाठी. पुढचं तुम्हाला माहीतच आहे. विमानं बंद. आम्ही अडकलो.

सप्टेंबरात सांगलीहून फोन आला. नरेंद्रभाऊजी गेले. चार दिवसांत. आम्हाला अंत्यदर्शन मोबाइलवरही झालं नाही.

त्या दिवसापासून ह्यांचा आवाज बंद.

आजार नाही. बोलायचे, जेवायचे. गाणं नाही. पूजेतली आरतीसुद्धा ओठातल्या ओठात. मी म्हणायची, "अहो, एक पद तरी म्हणा." हे म्हणायचे, "मागे कोणी नाही गं. पोकळीत काय म्हणू?"

चाळीस वर्षं ज्या आवाजाच्या पुढ्यात मी बसले, तो आवाज घरातून गेला होता. बाकी सगळं सोसलं मी. तेवढं सोसेना.

डिसेंबरात सुमेधाच म्हणाली, "बाबा, रोज चालायला जा. मागच्या रस्त्यानं दोन किलोमीटरवर एक जुनं चॅपल आहे. मोडकं नाही, छान आहे. किल्ली समोरच्या घरात मिळते. तुमच्या वयाला दगड बघणं बरं."

"माझ्या वयाला?" हे म्हणाले. "त्या दगडांचं वय विचार आधी."

कितीतरी दिवसांनी चेष्टा केली होती. आम्ही निघालो.

समोरच्या घरात नोरीन गेराटी राहायची. सत्तरीची बाई. तिच्या आजेसासूपासून किल्ली त्याच घरात, दाराआडच्या खिळ्याला. लॉकडाउन म्हणून ती किल्ली कुंपणाच्या भिंतीवर ठेवायची आणि खिडकीतून सांगायची. माझं इंग्रजी बेताचं, पण तिला फिकीर नव्हती. आपण काहीही म्हटलं तरी तिचं उत्तर "ग्रँड."

चॅपल एवढंसं. आमच्या गल्लीतल्या रामाच्या देवळाचा सभामंडप असेल तेवढंच. पाचशे-साडेपाचशे वर्षांचं. भिंती हातभर नव्हे, पुरुषभर जाड. खिडक्या बाहेरून बोटभर फट आणि आत रुंद होत आलेल्या, सुपासारख्या. उजेड आत आला की पसरायचा. एका भिंतीच्या पोटातूनच वर जाणारा जिना. वरच्या खोलीत पूर्वी पुजारी राहायचा म्हणे.

वर लाकूड नाही. दगडी कमान. आणि त्या कमानीच्या पोटाला सगळीकडे टोपलीच्या विणीचे ठसे! बुरुडानं विणलेली चटई वाकवून खाली धरायची, वर दगड-चुना रचायचा, चुना धरला की चटई काढून घ्यायची. ठसे मात्र राहतात. चटई विणणाऱ्याची बोटं कधीच मातीत गेली, वीण तशीच.

भिंतीत उंचावर गोल भोकं होती. नोरीन म्हणाली, आत मातीची मडकी बसवली आहेत. आवाज घुमायला. मला कोण आनंद झाला! बांधणाऱ्याला ऐकायची आवड होती.

आणि उत्तरेच्या भिंतीत, गुडघ्याच्या उंचीवर, एक तिरकी फट. वीतभर रुंद. त्यातून पलीकडे पाहिलं तर काळोख. बाहेरून जाऊन बघितलं तर तिथे भिंतीला चिकटलेली छोटी कोठडी. तिला दार नव्हतं. दाराची जागा दगडांनी चिणलेली होती.

हे मध्यभागी उभे राहिले. सहज रामनाम घेतलं. गाऊन नाही, म्हटलं फक्त.

कमानीनं ते परत दिलं.

ह्यांचे डोळे भरले. त्यांनी एक ओळ टाकली. तीन महिन्यांनी. ओळ संपली, श्वास घेतला...

आणि मागून कोणीतरी झील धरली.

"मडकी," मी म्हणाले.

"हो, मडकी," हे म्हणाले. पण चेहरा उजळला होता.

रोज दुपारी तीनला जाऊ लागलो. नाताळ गेला, पुन्हा सगळं बंद झालं. पाच किलोमीटरच्या पलीकडे जायचं नाही, रस्त्यावर गार्डा, म्हणजे तिथले पोलीस, उभे. चॅपल दोन किलोमीटरवर, म्हणून आम्हाला अडवायला कोणी नाही. हे अंगरख्यावर दोन स्वेटर, कानटोपीवर पगडी, हातात झांज. समोर श्रोते म्हणून मी एकटी. सुमेधा हसून लोळायची. "आई, बाबा अगदी ग्रँड दिसतात!"

एक दिवस परतताना हे हळूच म्हणाले, "नरेंद्र आहे गं तिथे."

मी नुसती पुढे चालत राहिले.

कारण माझे कान चाळीस वर्षं तयार झालेले. ती झील अर्धी मात्रा उशिरा येत नव्हती.

ती अचूक यायची.

संक्रांतीला ह्यांनी नवं आख्यान लावलं. स्वतः रचलेलं. एक पाथरवट गुरू आणि त्याचा शिष्य देऊळ बांधतात. गाभारा होतो. गुरू मूर्ती आणायला निघतो. शिष्याला सांगतो, समई विझू द्यायची नाही, मी येईपर्यंत उंबरा ओलांडायचा नाही. दिवस जातात, वर्षं जातात. गाव उठून जातं. तेल संपत येतं. शिष्य बसलेलाच. आणि एका संध्याकाळी बाहेर...

पावलं वाजतात.

इथे ह्यांना खोकल्याची उबळ आली. बाहेर अंधारत होतं. "राहू दे आज," म्हणाले.

मी उठले. आदल्या दिवशी केलेला तिळगुळाचा एक लाडू पिशवीत होता. इथे कोणाला देणार? त्या तिरक्या फटीच्या कडेवर ठेवला. देवळात कोनाड्यात ठेवतो तसा.

आणि मग... सवय. चाळीस वर्षांची सवय हो. हात जोडले आणि रिकाम्या चॅपलला खणखणीत सांगितलं, "उरलेलं आख्यान उद्या, याच वेळी. सर्वांनी यावं."

हे हसले. मीही हसले.

मग भिंतीतून आवाज आला...

"हं."

गोष्टीत रंगलेला श्रोता देतो ना, तसाच हुंकार.

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. मडकी, असं दोघांपैकी कोणीच म्हणालं नाही.

घरी येताना मी विचारलं, "अहो, कोण आलं असतं? पावलं कोणाची?"

"अजून सुचलं नाही," हे म्हणाले. "उद्या उभा राहिलो की सुचेल."

उद्या हे उभे राहिले नाहीत.

पहाटे ताप. चाचणी झाली, कोरोना निघाला. पाचव्या दिवशी ॲम्ब्युलन्स आली. अंगरखा नाही, पगडी नाही, पायात सुमेधाचे मोठे मोजे. मला दारातून हात करता आला, एवढंच.

मी निगेटिव्ह. पण चौदा दिवस खोलीतून बाहेर पडायचं नाही. सुमेधा जेवणाचं ताट दाराशी ठेवायची.

त्या खोलीत मी एकटी. पहिल्याच दुपारी, तीन वाजता...

भिंतीतून एक सूर आला.

बारीक. लांब धरलेला. झिलेचा पहिला सूर असतो तसा. पुढची ओळ यायची वाट बघणारा.

ते नवं घर. भिंती पुठ्ठ्यासारख्या, वाजवल्या तर पोकळ. पाइप असेल. वारा असेल. मी कान झाकून रामरक्षा म्हटली.

चारला दहा मिनिटं असताना तो थांबला.

दुसऱ्या दिवशी तीनला पुन्हा. तिसऱ्या दिवशीही. वेळ चुकली नाही. आणि सूर रोज थोडा जवळ... आधी बाहेरच्या भिंतीत, मग कपाटामागे, मग उशाशी.

चौदाव्या दिवशी हॉस्पिटलातून व्हिडिओ कॉल आला. एका नर्सनं टॅबलेट धरला होता. ह्यांच्या तोंडावर मास्क, गाल आत गेलेले. श्वासाश्वासाला एकेक शब्द.

"प्रभा... तो विचारतोय."

"कोण हो?"

"पायाशी... उभा असतो. पुढे काय झालं... विचारतो."

"नरेंद्रभाऊजी?"

ह्यांनी मान हलवली. "नरेंद्र नाही गं. नरेंद्रला... सगळी आख्यानं पाठ होती. तो कशाला विचारेल?"

मग डोळे मिटले. "मला सांगता येत नाही. श्वास... पुरत नाही. आणि तो... जात नाही."

फोन बंद झाल्यावर सुमेधा दाराबाहेरून म्हणाली, "आई, ऑक्सिजन कमी पडला की पेशंटना असे भास होतात. खूप जणांना होतात." मग लेकीचा आवाज डॉक्टरचा राहिला नाही. "उद्या संध्याकाळपर्यंत सुधारले नाहीत तर व्हेंटिलेटरवर घेतील. आई, ह्या वयात त्यावरून परत येणं..."

दाराशी ताट ठेवल्याचा आवाज आला.

मी रात्रभर विचार केला. विचारतोय तो कोणाच्या बोलावण्यावरून? आमंत्रण कोणी दिलं होतं? ह्यांनी नाही. मी दिलं होतं. वेळ मी सांगितली होती. सर्वांनी यावं, मी म्हटलं होतं.

शुक्रवारी, २९ जानेवारीला, माझे चौदा दिवस संपले. सुमेधा ड्युटीवर. अडीचला मी शाल घेतली, झांज घेतली आणि निघाले.

नोरीनच्या दाराची घंटा दाबून लांब उभी राहिले. तिनं खिडकी उघडली. हसली.

"तुमचे मिस्टर बरे झाले वाटतं? बरं वाटलं हो. रोज तीनला गाणं ऐकू येतंय."

"नोरीन... ते हॉस्पिटलात आहेत. दहा दिवस झाले."

तिचं हसू तसंच राहिलं, पण रंग गेला.

"आणि किल्ली?" मी विचारलं.

तिनं मागे वळून पाहिलं. "किल्ली इथेच. खिळ्याला."

मग तिनं, खिडकीची चौकट धरून, त्या कोठडीचं सांगितलं. पूर्वी एखादा साधू नवस करून त्यात जायचा. जिवंतपणीच त्याचे अंत्यविधी उरकायचे आणि दार दगडांनी चिणायचं. बाहेरच्या झरोक्यातून भाकरी-पाणी. आतल्या फटीतून प्रार्थना ऐकायची, प्रवचन ऐकायचं. मरेपर्यंत. बाहेर यायचं नाही म्हणजे नाही.

"शेवटचा जो होता," ती म्हणाली, "त्याच्या वेळी इंग्लंडच्या राजाचे शिपाई मठ मोडत आले. प्रवचन चालू होतं. पुजारी मधेच थांबला. म्हणाला, उरलेलं नंतर सांगतो. आणि सगळे पळाले. परत कोणी आलंच नाही. त्याला भाकरी द्यायलाही नाही." तिनं किल्ली खिळ्यावरून काढली. "लोक म्हणतात असं. कागदावर काही नाही."

किल्ली भिंतीवर ठेवून तिनं छातीवर क्रूस काढला. मी नमस्कार केला.

आत शिरले. थंडी हाडात गेली. मी आधी फटीपाशी गेले.

लाडू तिथेच होता.

अर्धा. दातांनी तोडलेला नाही, पक्ष्यानं टोचलेला नाही. मधोमध नीट अर्धा केलेला. उरलेला अर्धा जपून, कडेला सारून ठेवलेला.

वाट बघणारा माणूस ठेवतो तसा.

मला भीती वाटत होती, खोटं कशाला सांगू? पण तो अर्धा लाडू बघून परत फिरावंसं वाटेना. जेवायला कोणी येईल की नाही, ह्याची खात्री नसलेल्याचा तो हात होता.

ह्यांच्या जागी जाऊन उभी राहिले. बुवांच्या जागी मी आयुष्यात कधी उभी राहिले नव्हते. शेवट मला माहीत नव्हता. ह्यांनाही नव्हता. देवाचं नाव घेतलं आणि तोंड उघडलं.

"तर श्रोतेहो... बाहेर पावलं वाजली. दारात गुरू उभा होता."

काळोखात काहीतरी पुढे सरकल्यासारखं झालं. कापड दगडाला घासावं तसं.

"म्हातारा झालेला. हात रिकामे. मूर्ती नदीत गेली होती. त्या लाजेनं तो इतकी वर्षं परत आला नव्हता. गावोगाव फिरला. शेवटी म्हणाला, मूर्ती नाही तर नाही, मी तरी जातो. लांबून त्याला गाभाऱ्यातला दिवा दिसला. एवढासा. पण लागलेला."

मी झांज एकदा वाजवली.

"गुरूला वाटलं, शिष्य विचारेल, का आला नाहीत? शिष्यानं विचारलं नाही. तो सरकून बसला, जागा केली. गुरू म्हणाला, उशीर झाला रे बाळा. चूक माझी झाली. आणि जिथे मूर्ती ठेवायची, तिथे शिष्याला बसवून त्यानं नमस्कार केला."

मी नामघोष धरला. माझा आवाज बेसूर, कापरा. ओळ संपली. श्वास घ्यायला थांबले...

झील आली.

मडक्यांतून नाही. फटीतून. गुडघ्याच्या उंचीवरून. बसलेल्या माणसाच्या तोंडाच्या उंचीवरून. अचूक.

मी आरती म्हटली. शेवटपर्यंत, एक कडवं न गाळता. हात जोडले. जिभेवर ती ओळ आली... उद्या, याच वेळी... मी जीभ दातांत धरली. रक्त आलं. पण बोलले नाही.

वळले. दाराकडे चार पावलं टाकली.

आणि मागे गाणं सुरू झालं.

भाषा कुठली, माहीत नाही. इंग्रजी नव्हती. पण कीर्तन ऐकलेल्या कानांना ते काय आहे ते कळलं. आधी एक संथ पद. मग बोलल्यासारखं. मग पुन्हा तीच ओळ, जरा वर. आख्यान होतं ते! कोणीतरी कुठेतरी निघालं होतं. कोणीतरी रडत होतं. कुठे हसायचं, कुठे डोळे पुसायचे, सगळं कळत होतं. भीती कुठच्या कुठे गेली. मी खाली बसले. थंडगार दगडावर, पुढच्या रांगेत बसते तशी.

आणि एका जागी माझ्या तोंडून गेलं...

"हं."

आवाज चढत गेला. चढत गेला. आता काहीतरी होणार... आता कोणीतरी येणार...

थांबला.

कमानसुद्धा गप्प.

मग त्या फटीतून, मराठीत, माझ्याच सुरात, माझ्यासारखंच शेवटच्या शब्दाला लांबवत...

"उरलेलं... उद्या. याच वेळी. सर्वांनी यावं..."

मी कशी धावले, किल्ली कुठे ठेवली, काही आठवत नाही. रस्त्यात फोन वाजला. सुमेधा रडत होती, हसत होती. "आई, बाबांचा ऑक्सिजन सुधारला! तासाभरापूर्वीपासून. गाढ झोपलेत. आई, ऐकतेस ना?"

दुसऱ्या दिवशी तीन वाजले. मी गेले नाही.

त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. पाय उंबऱ्याबाहेर निघेना. भिंतीतला सूर मात्र पुन्हा आला नाही. आता माझी पाळी होती ना. वाट त्यानं नाही, मी बघायची... की तोच बघतोय अजून?

ऑगस्टात आम्ही सांगलीला परतलो. ह्यांना त्या दिवसांतलं काही आठवत नाही. आवाज आला, थोडा खरखरीत, पण आला. पुन्हा उभे राहतात. मागे नरेंद्रभाऊजींचा शिष्य संग्राम झील धरतो.

परवा ह्यांनी ते पाथरवटाचं आख्यान लावलं. मी त्यांना शेवट कधीच सांगितला नव्हता. कोणालाच नाही. हे सांगत गेले. पावलं वाजली. गुरू दारात आला. हात रिकामे. आणि हे म्हणाले, "उशीर झाला रे बाळा."

जसंच्या तसं.

आरती झाली. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी उठले नाही. तिथून आल्यापासून ती ओळ मी म्हणत नाही. संग्राम म्हणतो.

कीर्तनात साडेआठ वाजले की माझं लक्ष उडतं. हिवाळ्यात तिथे तेव्हा दुपारचे तीन होतात. ते पद मला अर्धं पाठ आहे. भाजी निवडताना गुणगुणते, आणि जिथे तो थांबला तिथे येऊन थांबते. पुढे काय झालं असेल? कोण आलं असेल? नोरीनचं सुमेधाला अधूनमधून विचारणं असतं, "तुझी आई परत कधी येणार?" का विचारते, ते ती सांगत नाही.

सुमेधा म्हणते, "आई, या उन्हाळ्यात या ना."

मी हो म्हणत नाही. नाहीही म्हणत नाही.

आयुष्यात एकच कीर्तन मी अर्ध्यावर सोडून उठले.

आणि त्याला दुसरा श्रोता नाही.